काकांनी अडवलेला शेवटचा बॉल

काकू, सबनीस साहेब, दिलीपभाई, आणि इथे जमलेल्या सगळ्यांनो,

रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास मी इथेच होतो. या डावीकडच्या खांबाजवळ गुडघे टेकून बसलो होतो. नीहारच्या दुसऱ्या जोडीतल्या स्केटचं मागचं चाक लटपटत होतं, त्याचा नट आवळत होतो. आणि आज जिथे काकांचा फोटो ठेवलाय, त्या गोलात काका उभे होते. जिवंत. शिव्या देत.

आज तिथे फोटो आहे, आणि मला बोलायला सांगितलंय.

मला बोलता येत नाही. माझं शिक्षण दहावीला संपलं, त्यानंतर बेअरिंगच्या दुकानात लागलो तो अजून तिथेच आहे. म्हणून मी हे लिहून आणलंय. पुन्हा पुन्हा लिहिलं, ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. काका असते तर म्हणाले असते, "संज्या, वेलांटी पहिली की दुसरी हे बघत बसलास तर बॉल तुझ्या मागून जाईल." आणि बॉल माझ्या मागून जायचाच. मी किती वाईट खेळायचो हे इथल्या पोरांना माहीत आहे. हसा. काकांच्या सभेत हसलेलं चालतं.

दिलीपभाईंनी मला सांगितलं, "संजयभाई, बे-चार सारा शब्द बोलजो." चार चांगले शब्द. दिलीपभाई, तुम्ही आपल्या क्लबाचे सेक्रेटरी, तुमचं ऐकायला हवं. पण मी आज नुसते चांगले शब्द बोलणार नाही. काकांना चांगले शब्द आवडत नसत. त्यांना खरे शब्द आवडत, आणि तेही ओरडून.

काही जण इथे पहिल्यांदा आले आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. विश्वासराव मोहिते, म्हणजे आमचे काका, याच शेडमध्ये फिटर होते. कारखाना बंद पडला. मशिनं भंगारात गेली, माणसं पैसे घेऊन घरी बसली. फरशी तेवढी राहिली. तेव्हा सगळे म्हणत होते की आता देशात नवे दिवस येणार, बाहेरच्या कंपन्या येणार. काका म्हणाले, "येतील तेव्हा येतील. तोवर ही फरशी माझी." मालकाकडे गेले आणि संध्याकाळपुरती ती मागून घेतली. मशिनांचे बोल्ट त्यांनी हॅक्सॉ ब्लेडने कापले. भोकं सिमेंटने बुजवली. पाण्याचे पाइप वाकवून गोल बनवले. त्यांचे आजोबा इथल्या संस्थानच्या घोडदळात होते. काका म्हणायचे, "घोडे गेले, चाकं आली. मोहित्यांच्या पायाखाली काहीतरी पळतंच."

अशी ही आमची चाकांवरची हॉकी सुरू झाली. पायात स्केट, हातात स्टिक, आणि बॉल दगडासारखा. तुम्ही आत्ता या फरशीवर सतरंज्या टाकून बसला आहात. सतरंजी उचललीत तर खाली काळपट डाग दिसतील. ते ऑइलचे नाहीत. बुजवलेल्या भोकांशी चाक अडकतं, तिथे पोरगं पडतं, आणि पडलं की हनुवटी फुटते. माझे पुढचे दोन दात याच फरशीवर गेले. काकांनी ते शोधून माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "घरी घेऊन जा. आईला सांग, पडले नाहीत, काढून दिले."

सौम्य माणूस नव्हता. आज इथे आलेले काही जण म्हणाले, मोठा प्रेमळ माणूस होता. नव्हता हो. नडगीवर स्टिक मारायचे. पाय सरळ ठेवला की मारायचे. मागे बघून स्केट केलं की मारायचे. रडलं तरी मारायचे, आणि मग स्वतःच हळद लावायचे, तीही इतक्या जोरात चोळून की त्यापेक्षा मार बरा वाटायचा. त्यांचं स्वतःचं नाक कितीदा मोडलं होतं ते त्यांनाच आठवत नव्हतं. गल्लीत केबल आलं तेव्हा परदेशातली बर्फावरची हॉकी आम्ही सगळे त्यांच्या घरी बसून बघायचो. त्यात खेळाडू हातमोजे फेकून एकमेकांची तोंडं फोडायचे. आम्ही पोरं आनंदाने ओरडायचो. एकदा धवल म्हणाला, "काका, त्यांना बर्फ असतो म्हणून एवढं जोरात खेळता येतं." काका म्हणाले, "आपल्याकडे बर्फ गोळ्यापुरता. पण पडल्यावर सारखंच लागतं, तू काळजी करू नकोस."

आता धवलचं नाव आलंच आहे, तर तेच बोलतो. सभेत सगळ्यांच्या मनात तेच नाव आहे. शेवटच्या ओळीत तो त्याच्या बांशेजारी, म्हणजे आईशेजारी, मान खाली घालून बसलाय, आणि त्या दोघांच्या दोन्ही बाजूंना सतरंजी रिकामी आहे. मोकळी जागा ठेवून बसलेत लोक. मला इथून दिसतंय.

धवल परमार. तरसालीचा. वडील नंदेसरीला केमिकलच्या कारखान्यात पाळीवर जातात. आणि नीहार सबनीस, आपल्या कमिटीतल्या सबनीस साहेबांचा मुलगा. ही दोन पोरं काकांनी घडवली. दोघं एकाच वयाची. शिबिरासाठी आपल्या क्लबातून एकच नाव पाठवायचं आहे. शिबिरातून पुढे राज्याचा संघ, मग आणखी पुढे. इथून याआधी कोणीही गेलेलं नाही. नाव उद्या पाठवायचं आहे, आणि ही सभा संपली की कमिटी मागच्या खोलीत बसणार आहे, हे सगळ्यांना माहीत आहे.

मग कोण चांगला? या गोष्टीवर आमची वर्षभर भांडणं झाली. चहाच्या टपरीवर, माझ्या दुकानात, सगळीकडे.

मी दोघांचीही चाकं दुरुस्त करतो. चाकावरून मला माणूस कळतो. नीहारची चाकं सगळ्या बाजूंनी सारखी झिजतात. म्हणजे तो दोन्ही पायांवर सारखा भार देतो, डावीकडे वळो की उजवीकडे. धवलची चाकं बाहेरून खाल्लेली असतात, कारण तो वळत नाही, तो घुसतो. बॉल नीहारच्या स्टिकला चिकटल्यासारखा राहतो. उलटं स्केट करताना त्याची मान वर असते, तो सगळं रिंक बघत असतो, आणि पास देतो तो तिथे, जिथे माणूस पोचणार असतो. धवलला पास देता येत नाही. त्याला वाटतं, बॉल दुसऱ्याला दिला म्हणजे उसना दिला. पण कोपऱ्यात दोघं-तिघं एका बॉलवर पडले की बॉल घेऊन बाहेर येतो तो धवलच. रक्त पुसत येतो, पण येतो. आणि त्याचा फटका! त्या मागच्या पत्र्याला जे खळगे पडलेत ना, ते बहुतेक सगळे त्याचे.

माझं मत विचाराल तर, नीहार. आजही माझं मत तेच आहे, आणि मी ते धवलच्या समोर सांगतोय. शिकवता येतं ते सगळं नीहारकडे आहे. पण माझ्या मताला काय किंमत? काकांचं मत काय होतं, हा प्रश्न आहे.

आणि काकांचं मत मी सांगू शकतो. म्हणून उभा राहिलोय.

रविवारी काकांनी दोघांना बोलावलं. आधी कोपऱ्यात बॉल टाकला आणि म्हणाले, "जो घेऊन येईल त्याने यावं." शिट्टी नाही, नियम नाही. मी खांबाशी होतो, सगळं बघत होतो. धवलने नीहारला पत्र्यावर असा दाबला की वरची धूळ आमच्या डोक्यावर पडली. नीहारने त्याच्या पोटात कोपर घातलं. धवलची भुवई फुटली, नीहारचा ओठ फाटला. दोघांच्या तोंडून माणसासारखा आवाज येत नव्हता. मी ओरडलो, "काका, पुरे!" काका म्हणाले, "तुझं चाक झालं का?" बॉल धवल घेऊन आला. पण आला तेव्हा त्याच्या मागून नीहारने स्टिक घालून तो काढून घेतला आणि हसत हसत गोलात टाकला. फाटक्या ओठाने हसला तो. काका खूश झाले. "बराबर बराबर! एक खणतो, दुसरा पाणी भरतो."

मग काकांनी त्यांची ती कसोटी लावली. जुन्या पोरांना माहीत आहे. स्वतः गोलात उभे राहायचे. पायाला पॅड, छातीला पॅड, आणि तोंड उघडं. तोंडावर जाळी घालायचे नाहीत. का? तर म्हणायचे, जाळी घातली की पोराला जाळी दिसते. मला बघायचंय की समोर माणसाचं तोंड दिसल्यावर पोराचा हात कुठे जातो. वरचा कोपरा उघडा असेल आणि पोरगं भीतीने खाली मारत असेल, तर ते पोरगं मोठ्या मॅचमध्येही खालीच मारणार.

वाईट कसोटी होती ती. मी आज सगळ्यांसमोर म्हणतो, वाईट होती. मी जाळी घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. हात पुढे करून उभा होतो. काका म्हणाले, "तू तुझं बेअरिंग बघ." मला राग आलाय त्यांचा. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात. मी धरलाय. रात्री झोपलो की ती जाळी मी त्यांच्या तोंडावर आपटतो, बांधतो, बळजबरीने बांधतो. काकू, माफ करा. पण असं आहे.

नीहारने आधी मारले. सगळे गोल. सगळे खाली, पायाशी, इतके सफाईदार की काकांना हलताही आलं नाही. काका म्हणाले, "सबनीस, वरची जागा कोणासाठी ठेवलीस? पाहुणे येणार आहेत?" नीहार म्हणाला, "काका, तुम्ही जाळी घाला, मग वर मारतो." काका म्हणाले, "मॅचमध्ये असं सांगशील गोलकीपरला?" नीहार म्हणाला, "मॅचमध्ये त्याने घातलेली असते."

सांगा, काय चुकलं त्याचं? पंधरा वर्षांच्या पोराला जे कळलं ते काकांना कळायला हवं होतं. पण काका तसे नव्हते.

मग धवल. धवलनेही पहिले बॉल खालीच मारले. हे कोणी सांगत नाही. लोक सांगतात की तो रागाने पेटला होता. भुवईतून रक्त डोळ्यात येत होतं, ते तो सारखं बाहीने पुसत होता, आणि तरीही खाली मारत होता. काकांनी सगळे अडवले. कारण धवलचे खालचे बॉल काही नीहारसारखे नाहीत. आणि काका चिडले. गुजरातीत सुरू झाले, "शुं जुए छे? मार ने! बाने पूछीने आवीश?" म्हणजे, बघतोस काय, मार ना, आईला विचारून येतोस का? "तारो बाप नंदेसरीमां गॅस खाय छे, ने तू अहीं बीए छे?" बाप तिकडे गॅस खातो आणि तू इथे घाबरतोस. असं बोलले काका. वाईट बोलले. मुद्दाम बोलले.

धवलने मारला.

आता नीट ऐका. मी त्या खांबाजवळ बसलो होतो, गोलाच्या अगदी रेषेत. त्या फटक्याकडे बघायला माझ्याहून बरी जागा कोणाची नव्हती. बाहेर अशी गोष्ट पसरली आहे की त्याने काकांच्या तोंडावर नेम धरून मारला. पोलीस आले तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं गेलं. माझ्या दुकानात येऊन लोकांनी मलाच सांगितलं, जणू मी तिथे नव्हतो.

बॉल काकांकडे गेलाच नव्हता. बॉल वरच्या कोपऱ्याकडे गेला. या, या कोपऱ्याकडे, जिथे आज हार अडकवलाय. जी जागा काका अख्खी संध्याकाळ मागत होते तिथेच तो गेला. तो गोल होता. आणि काकांनी तो ओळखला. आपण सगळ्यांनी त्यांना बघितलंय, बॉल स्टिकवरून सुटायच्या आधी ते हलायचे. ते हलले. हात पोचला नाही, तर डोकं घातलं. कानाच्या वर बसला. नारळ फोडल्यासारखा आवाज आला. बॉल तिथेच खाली पडला, रेषेच्या बाहेर.

गोल झाला नाही. काकांनी तो अडवला. ते आयुष्यभर जे शिकवत आले ते त्यांनी केलं, आणि ते करताना गेले. धवलने त्यांना मारलं नाही. धवलने बॉल मारला, काका मध्ये आले.

काका पडले. मी धावलो, नीहार धावला. धवल स्टिक धरून तिथेच उभा राहिला. काका उठले. स्वतः उठले. माझा हात झटकला. मग स्टिक उचलली आणि गोलाच्या या डाव्या पाइपवर ठोकली. ठण्. ठण्. दोनदा.

जे या रिंकवर खेळलेत त्यांच्या अंगावर आत्ता काटा आला असेल. बाकीच्यांना सांगतो. काकांनी कधीही कुणाला तोंडाने शाबास म्हटलं नाही. पोरगं तयार झालं असं वाटलं की ते पाइपवर दोनदा ठोकायचे, बस. त्यासाठी आम्ही जीव टाकायचो. मी इतकी वर्षं खेळलो, माझ्यासाठी एकदाही नाही. एका पावसाळ्यात त्यांनी ठोकलं, माझी छाती भरून आली. जवळ जाऊन बघतो तर ते स्टिकला लागलेला चिखल झाडत होते.

सबनीस साहेब, तुम्ही आणि दिलीपभाई तेव्हा दारात चहा घेत उभे होतात. तुम्हाला तो पाइपचा आवाज ऐकू आला. तुम्हाला वाटलं, काका मदतीला बोलावताहेत, खेळ थांबवा म्हणून ठोकताहेत. कोणालाही तसंच वाटलं असतं. तुम्ही धावत आत आलात, काकांच्या कानातून रक्त येताना पाहिलंत, आणि समोर स्टिक घेऊन उभा असलेल्या पोराच्या थोबाडीत मारलीत. कोणीतरी त्याची स्टिक घेऊन गुडघ्यावर मोडली. कोणीतरी त्याला लाथ घातली. तो पडला तेव्हा कोणी त्याला उठवलं नाही. त्या क्षणी मी काकांना धरून होतो, आणि काका मला म्हणत होते, "त्याला का मारतायत रे? ठोकलं ना मी." आवाजात हे कोणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं.

तुम्हाला दोष देत नाही, साहेब. तुम्ही बाहेरचा आवाज ऐकलात. आम्ही आतला ऐकतो.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. काका या बाकावर बसले, चहा प्याले, चहाला नावं ठेवली. म्हणाले, "डोकं जड झालंय." मग ओकले. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि ते मला कोणीतरी दुसराच समजून बोलत होते. पहाटे गेले.

दुसऱ्या दिवशी धवल दुकानात आला. गालावर बोटं उमटलेली होती, भुवईला टाकेही घातले नव्हते. काउंटरवर स्केट ठेवले. म्हणाला, "संजयभाई, आ वेची नाखजो." विकून टाका. आणि गेला. मी विकले नाहीत. ते माझ्या खुर्चीखाली आहेत, पिशवीत. बाहेरून खाल्लेली चाकं मी बदलली आहेत.

मग नीहार आला. साहेब, हे तुम्हाला ठाऊक नसेल. त्याने स्टुलावर बसून आधी सोडा प्यायला. मग म्हणाला, "संजूदादा, मी त्याच्यापेक्षा चांगला आहे ना?" मी म्हटलं, हो. म्हणाला, "पण काकांनी ठोकलं त्याच्यासाठी." मी म्हटलं, हो. त्याने बाटली काउंटरवर ठेवली. मग म्हणाला, "मी बाबांना सांगितलं तर ते म्हणतील, तू घाबरलास, शिबिरातून सुटायला बघतोयस. तू सांग. सभेत सांग." मी म्हटलं, तुझं नाव जाईल रे. तो म्हणाला, "जाऊ दे. ठोकल्याशिवाय गेलो तर तिथे मला झोप लागणार नाही." आणि त्या ओठाने पुन्हा हसला. म्हणूनच मी त्याला चांगला म्हणतो, साहेब. चाकांमुळे नाही.

तरीही मी घाबरलो होतो. मी घाबरट माणूस आहे. कमिटीत साहेब आहेत, दिलीपभाई आहेत, मी कोण? लोक म्हणतील, माणूस गेला आणि हा शिबिराचं राजकारण काढतो. शेवटी काल काकूंकडे गेलो. काकू तांदूळ निवडत होत्या. वर न बघता त्यांनी मला एवढंच विचारलं, "ठोकलं होतं का रे?"

मी म्हटलं, हो काकू. दोनदा.

काकू म्हणाल्या, "मग घरात येऊन काय सांगतोस? सभेत सांग." आणि मग म्हणाल्या, "माझी आमटी जमली की चौकटीवर ठोकायचे. इतका संसार झाला, पण मीसुद्धा ते मोजक्याच वेळा ऐकलं. फुकट ठोकणारा माणूस नव्हता तो."

पोलिसांना काकूंनी तक्रार नाही म्हणून सांगितलं, ते सगळ्यांना माहीत आहे. लोकांना वाटलं, बिचारीला धक्का बसलाय, तिला कळत नाही. काकूंना कळतं. आपल्या सगळ्यांच्या आधी कळलं.

आता कमिटीला माझं एवढंच सांगणं. तुम्ही उद्या धवलचं नाव क्लबातून काढणार आहात असं ऐकतो. शेडला कुलूप लावणार असंही ऐकतो. कसोटी बंद करा. गोलातला माणूस जाळीशिवाय उभा राहणार नाही असा नियम करा, मी स्वतः दारात जाळी घेऊन उभा राहीन. काकांची ती चूक होती, ती त्यांच्याबरोबर जाऊ द्या. पण त्यांचा शेवटचा निर्णय त्यांच्याबरोबर जाळू नका. कानातून रक्त येत असताना त्यांनी तो दिलाय. मी असतो तर मी नीहारला निवडलं असतं. पण मला कोणी विचारलं नव्हतं. विचारायचं होतं काकांना, आणि त्यांनी उत्तर दिलंय.

आणि धवल, तुला. मराठीतच सांगतो, तुला सगळं कळतं. वर बघ. तू त्यांना मारलंस असं तुला वाटतंय. तुला मारायला त्यांनी लावलं. जिथे सांगितलं तिथे तू मारलंस, आणि त्यांनी अडवलं. त्यात तुमचा दोघांचा हिशेब पूर्ण झाला. बा, आपने मराठी समजाय छे ने? एणे कशुं खोटुं नथी कर्युं. तुमच्या पोराने काहीही वाईट केलेलं नाही.

आता मी थांबतो. सभेची रीत आहे, शेवटी उभं राहून शांतता पाळायची. पण माझी एक विनंती आहे. नेहमी कोणीतरी घड्याळ बघतं आणि "ओम शांती" म्हणून बसवतं. आज कोणी घड्याळ बघू नये. काकांची स्टिक फोटोशेजारी टेकवून ठेवली आहे. डावा पाइप त्याच जागी आहे. आपण सगळे उभे राहू. ज्याच्यासाठी काकांनी ठोकलं, त्याने शेवटच्या ओळीतून पुढे यावं, ती स्टिक उचलावी, आणि आज काकांसाठी दोनदा ठोकावं. शेवटचा बॉल त्यांनी अडवला, ठोकून घ्यायचा त्यांचाही हक्क आहे.

तो आवाज आला की आपण बसू.

तो येईपर्यंत कोणी बसणार नाही. वाट द्या त्याला. सतरंजी जरा बाजूला घ्या, तिथे भोक आहे, पाय अडकेल.

काका, नमस्कार.

उभे राहा.